गर्दी, रांग आणि अफवा : माझ्या कामाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या एका महाविद्यालयात मी सामाजिक मानसशास्त्र शिकवते आणि गर्दी, रांगा, अफवा यांचा अभ्यास करते. जून-जुलैत प्रवेशासाठी आलेले पालक, पीएचडीच्या वाटेवरची मुले, सिंहस्थाच्या तोंडावर बातमीदार आणि वर्षभर नातेवाईक, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. घाईत दिलेले उत्तर अर्धवट राहते, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवले आहे. काही उत्तरे लांबली आहेत. तो भाग मला थोडक्यात सांगता येत नाही.

सामाजिक मानसशास्त्र म्हणजे नेमके काय?

मराठीत 'चारचौघांत' असा एक शब्द आहे. माझा सगळा विषय त्या शब्दात आहे. घरात मोकळेपणाने बोलणारा माणूस चारचौघांत गप्प का बसतो, एरवी भित्रा वाटणारा मुलगा मित्रांसोबत असला की अंगात बळ कुठून येते, 'लोक काय म्हणतील' यातले लोक नेमके कोण, हे प्रश्न आम्ही निरीक्षणाने, मुलाखतींनी आणि प्रयोगांनी तपासतो.

सुरुवात सांगायची तर १८९८ मधल्या नॉर्मन ट्रिप्लेटच्या अभ्यासाचे नाव घेतात. एकटा सायकल चालवणाऱ्यापेक्षा दुसऱ्यासोबत शर्यतीत असलेला वेगाने जातो, हे त्याने नोंदींवरून पाहिले आणि मग मुलांना मासेमारीची रिळे फिरवायला देऊन ते तपासले. समाजशास्त्र संस्था, वर्ग, व्यवस्था यांकडे पाहते. आम्ही त्या व्यवस्थेत उभ्या असलेल्या माणसाच्या मनात त्या क्षणी काय चालले आहे ते पाहतो. सीमा पुसट आहे आणि ती तशीच राहावी असे मला वाटते.

म्हणजे तुम्ही समुपदेशन करता का? माझ्या भावाला दाखवायचे होते.

नाही. मी उपचार करत नाही आणि तो अधिकारही मला नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, तिचे प्रशिक्षण वेगळे असते. तातडी असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच बोला, ती सरकारी सेवा आहे आणि दिवसरात्र चालते. 'आधी मॅडमशी बोलू, मग बघू' म्हणून थांबू नका.

या विषयाकडे तुम्ही कशा वळलात?

आमचे घर पंचवटीत. २७ ऑगस्ट २००३ ला, सिंहस्थाच्या पर्वणीच्या दिवशी, रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. मी नुकतीच पुण्याहून एमए करून घरी आले होते.

त्या दुपारी आमच्या ओट्यावर बरीच माणसे येऊन बसली. आईने माठ बाहेर आणून ठेवला आणि तांब्याने पाणी देत राहिली. एक बाई होती, हिंदी पट्ट्यातली, बोली मला नीट कळत नव्हती. तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांचे मूल होते. आम्हाला वाटले तिचेच. ते तिचे नव्हते. रेटारेटीत कुणीतरी डोक्यावरून पुढे दिले होते आणि तिने धरले होते. तिची स्वतःची एक चप्पल गेली होती, पायाला खरचटून रक्त येत होते, पण पाय धुवायला वाकायचे म्हणून मूल खाली ठेवायला ती तयार नव्हती. तासाभराने मुलाची आई शोधत शोधत आली. दोघी एकमेकींना धरून रडल्या. नावे तरी विचारली असतील की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवसापासून गावात आणि बाहेर एकच बोलणे सुरू झाले, की लोक बेभान झाले, एकमेकांना तुडवत सुटले. मी ओट्यावर पाहिलेली माणसे बेभान नव्हती. पाठ्यपुस्तकात शिकलेले, लोकांच्या तोंडी असलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले एकमेकांशी जुळेना. त्या न जुळण्यातूनच पुढची वीस-बावीस वर्षे निघाली.

गर्दी वेडी होते, हे मग खोटे आहे का?

मी ते चूक मानते, आणि या विषयातले गेल्या चाळीस वर्षांतले बरेच संशोधन त्याच बाजूचे आहे.

गर्दीत शिरला की माणूस स्वतःची बुद्धी गमावतो, हा विचार फ्रान्सच्या गुस्ताव ल बाँने १८९५ मध्ये मांडला. संप, मोर्चे, क्रांती यांना घाबरलेल्या काळाचा तो विचार होता. तो इतका रुजला की आजही बातमीपासून बंदोबस्ताच्या आखणीपर्यंत तोच वापरला जातो. १९८० मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात दंगल झाली. स्टीफन रायकर या मानसशास्त्रज्ञाने तिचा अभ्यास केला तेव्हा दिसले की जमावाने वाटेल ते फोडले नव्हते. पोलिसांवर दगड पडले, बँकेवर पडले. वस्तीतली घरे आणि ओळखीची दुकाने बहुतेक शाबूत राहिली. म्हणजे त्या माणसांना आपण कोण, आपले कोण आणि परके कोण याची पक्की जाणीव होती. गर्दीत माणूस स्वतःला हरवत नाही. 'मी' थोडा मागे सरतो आणि 'आम्ही' पुढे येतो. तो 'आम्ही' काय ठरवतो यावर पुढचे सगळे.

आता चेंगराचेंगरी. मला हा शब्दच खटकतो, कारण त्यात चेंगरणारा आणि चेंगरला जाणारा अशी दोन माणसे दिसतात. प्रत्यक्षात गर्दी एका मर्यादेपलीकडे दाटली की प्रश्न मनाचा उरत नाही, दाबाचा होतो. जॉन फ्रुइन या अभियंत्याने दाखवले की चौरस मीटरला सातच्या आसपास माणसे झाली की गर्दी द्रवासारखी हलू लागते. पाय जमिनीला असूनही आपण कुठे जायचे ते आपल्या हातात राहत नाही. अशा जागी माणसे बहुधा उभ्या उभ्या श्वास कोंडून जातात. मागच्याला पुढचे दिसत नसते. तो आपला 'चला, चला' म्हणत असतो, त्याच्या मनात वाईट काही नसते.

हे वर्गात फळ्यावर सांगून पटत नाही. म्हणून मी मुलांना गंगेवर घेऊन जाते. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.) घाटाच्या फरशीवर खडूने एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखायचा आणि एकेकाने आत यायचे. चार जण येईपर्यंत हसणे-खिदळणे चालू असते. पाचव्याला दप्तर पोटाशी घ्यावे लागते. सहावा आला की खांदे आपोआप तिरके होतात आणि बोलणे कमी होते. सातवी मुलगी शिरते तेव्हा कुणाला हात वर करून घाम पुसता येत नाही. मी विचारते, आता समजा तुमच्यामागे दोनशे मीटर असेच भरलेले आहे आणि पुढे उतार आहे. त्यानंतर 'लोक वेडे झाले होते' असे त्या मुलांपैकी कुणी म्हणत नाही.

२५ जानेवारी २००५ ला वाईजवळ मांढरदेवीला सुमारे तीनशे माणसे गेली. इंग्लंडमध्ये हिल्सबरो मैदानावर १९८९ मध्ये घडलेल्या दुर्घटनेत एकूण ९७ जीव गेले, आणि आधी सारा दोष प्रेक्षकांवरच टाकला होता. तो चुकीचा होता, आणि त्यांचा मृत्यू बेकायदा ठरतो, हे २०१६ च्या चौकशीत मान्य व्हायला सत्तावीस वर्षे लागली. मेलेल्या माणसाच्या माथी त्याच्याच मरणाचा दोष मारणे मला सहन होत नाही. माझे सगळे काम त्या एका गोष्टीभोवती फिरते, हे मी लपवत नाही.

मग राईनपाड्याचे काय? तिथे तर गर्दीनेच मारले.

हा प्रश्न बरोबर आहे आणि तो प्रत्येक व्याख्यानात कुणीतरी विचारावा अशी माझी इच्छा असते.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला मुले पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले होते. त्याच सुमारास आपल्या मालेगावातही अशाच अफवेवरून एका कुटुंबाला जमावाने घेरले होते. पोलिसांनी त्यांना वाचवले.

'गर्दी वेडी झाली' म्हटले की इथेही सोपे जाते, कारण वेड्याला जबाबदार धरत नाहीत. माझे म्हणणे उलटे आहे. तिथल्या माणसांना 'आम्ही आपली मुले वाचवतो आहोत' असे वाटत होते. त्यांचा 'आम्ही' शाबूत होता, त्याला दिलेला अर्थ भयंकर चुकीचा होता. आणि ते पाच जण परके, भटके, भिक्षेकरी होते म्हणूनच तो अर्थ त्यांच्यावर इतक्या सहज चिकटला. भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये आणला, स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो रद्द झाला, पण संशय कायद्याबरोबर रद्द होत नाही. गर्दीच्या मनाचा अभ्यास करायचा तर गर्दी जमण्याच्या दीडशे वर्षे आधीपासून करावा लागतो.

अफवा पसरतात तरी कशा? लोक अडाणी आहेत म्हणून?

शिकलेली माणसे कमी अफवा पसरवतात असा माझा तरी अनुभव नाही. सोसायटीच्या ग्रुपवर एकदा नजर टाका.

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर आपल्याकडूनच जगात गेले आहे आणि आपल्या मुलांना ते ठाऊक नसते. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने नंतर पसरलेल्या अफवा गोळा केल्या. धक्का जाणवला, पण फारशी पडझड झाली नाही अशा भागातल्या लोकांत आणखी मोठ्या संकटाच्या अफवा होत्या. अमुक दिवशी प्रलय येणार, पुन्हा भूकंप होणार, असल्या. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतरच्या अफवांचा अभ्यास केला. ज्यांनी विध्वंस डोळ्यांनी पाहिला होता त्यांच्यात तशा अतिरंजित अफवा नव्हत्या.

आता हे कोडे आहे. ज्याचे काही बिघडले नाही त्याने आणखी भीतीदायक गोष्टीवर विश्वास का ठेवावा? अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर याच कोड्यावर अडला आणि त्याला वाटले, या अफवा भीती निर्माण करत नाहीत, आधीच असलेल्या भीतीला कारण पुरवतात. काळजाचा ठोका चुकलेला आहे आणि समोर काहीच पडलेले नाही. मग मनातली भीती खरी ठरवायला काहीतरी हवे. यातून १९५७ मध्ये त्याने संज्ञानात्मक विसंगतीचा सिद्धांत मांडला (मनातल्या दोन गोष्टी जुळेनात की माणूस अस्वस्थ होतो आणि त्या कशातरी जुळवून घेतो), जो आज जगभर शिकवला जातो. त्याच्या मुळाशी बिहारचा भूकंप आहे.

मुले पळवणाऱ्यांची अफवा पसरते तेव्हा मी हेच शोधते, की या गावात भीती आधीपासून कशाची आहे. आई-बाप दिवसभर द्राक्षबागेत मजुरीला आणि मुले घरी एकटी, असे असेल तर अफवेला वेगळे पाय लागत नाहीत. तिथे नुसते 'अफवांवर विश्वास ठेवू नका' असे भोंग्यावरून ओरडून भागत नाही. गावातल्या आशाताई, शाळेतले गुरुजी, म्हणजे ज्यांना ते आपले मानतात त्यांनी सांगावे लागते, आणि मुले सांभाळायची काही सोयही करावी लागते. व्हॉट्सअॅपने २०१८ मध्ये भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ते योग्यच झाले. पण त्याने फक्त वेग कमी होतो.

रांगेवर पीएचडी? खरंच?

हो. घरच्यांनाही समजावून सांगायला वेळ लागला.

रांग म्हणजे अनोळखी माणसांनी क्षणात बनवलेला, कागदावर कुठेही नसलेला नियम आहे. स्टॅन्ली मिलग्रमने न्यूयॉर्कमध्ये १२९ रांगांत आपली माणसे घुसवून पाहिली. १९८६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, तो अभ्यास छापून आला. घुसखोराला सर्वांत जास्त हटकतो तो लगेच मागे उभा असलेला. त्याने नाही हटकले तर त्याच्या मागचेही बहुधा गप्प बसतात.

त्र्यंबकेश्वरच्या दर्शनरांगेत आणि आदिवासी पाड्यांवरच्या पाण्याच्या रांगेत मी हे पाहत बसले. पाड्यावर उन्हाळ्यात विहिरीपाशी माणसांऐवजी हंड्यांची रांग असते. पहाटे हंडा ठेवून बाई शेण-भाकरीला घरी जाते. वीस हंडे एका ओळीत, सगळे सारखेच ॲल्युमिनियमचे, पण पोचा कुठे आहे यावरून प्रत्येकीला दुसरीचाही हंडा ओळखू येतो. एकदा एका लहान मुलीने घाईत एक हंडा मागे सरकवला. हंड्याची मालकीण तिथे नव्हती. शेजारच्या आजीने काही न बोलता तो पायाने पुन्हा जागेवर आणला. गैरहजर माणसाची जागा हजर माणसे राखतात, हे मला न्यूयॉर्कच्या अभ्यासात मिळाले नव्हते. प्रबंधाचा अर्धा भाग त्या पायाने सरकवलेल्या हंड्यावर उभा आहे.

दर्शनरांगेत लोक तासन्‌तास शांत असतात. बिघडते कधी, तर शेजारून कुणाला का सोडले हे कळत नाही तेव्हा. म्हाताऱ्याला, लेकुरवाळीला पुढे सोडले तर रांग स्वतःहून बाजूला सरते. कारण न सांगता एखादी गाडी आली आणि फाटक उघडले, की तीच माणसे दोरी हलवायला लागतात.

कुंभमेळ्याला जाऊन माणसाला बरे वाटते, याला काही शास्त्रीय आधार आहे का?

प्रयागला कुंभाच्याच जागी दरवर्षी भरणाऱ्या माघमेळ्यावर अलाहाबादच्या आणि ब्रिटनच्या संशोधकांनी मिळून मोठे काम केले आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी महिनाभर मेळ्यात राहणाऱ्या ४१६ कल्पवासींना आणि न गेलेल्या १२७ जणांना आधी आणि नंतर प्रश्न विचारले. थंडी, गोंगाट, गैरसोय सगळे सोसून आलेल्या कल्पवासींचे स्वास्थ्य, त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार, न गेलेल्यांच्या तुलनेत सुधारले होते. आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. एकच संदिग्ध कलकलाट ऐकवला. काहींना सांगितले हा मेळ्याचा आहे, काहींना सांगितले शहरातल्या रस्त्याचा. मेळ्याचा म्हणून ऐकलेला तोच आवाज लोकांना सुसह्य वाटला.

मात्र यावरून 'गर्दीत साथ पसरत नाही' किंवा 'भाविकांना सोयी कमी चालतात' असे कुणी काढू नये. कुणी सोसून घेते म्हणून त्याला सोसायला लावायचे नसते.

पाठ्यपुस्तकातले प्रसिद्ध प्रयोग खरे आहेत का? हल्ली सगळे खोटे ठरले म्हणतात.

सगळे नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्के पुन्हा तसे निघाले. आमच्या क्षेत्राला तो मोठा धक्का होता आणि तो बसला ते फार बरे झाले. आता गृहीतक आधी नोंदवून मग माहिती गोळा करण्याची पद्धत रुळते आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

झिम्बार्डोचा १९७१ चा तुरुंगाचा प्रयोग (विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवले होते तो) मी आता पुरावा म्हणून शिकवत नाही. पहारेकऱ्यांना कसे वागायचे याच्या सूचना मिळाल्या होत्या असे पुढे आले आहे. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोव्हीजचा खून ३८ जण बघत राहिले, ही गोष्टही छापली गेली तशी घडली नव्हती. उलट तीन देशांतल्या शहरांच्या सीसीटीव्हीतली २१९ भांडणे तपासली, तर दहापैकी नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडले होते.

जे टिकले ते अर्धेच सांगितले जाते, हे मात्र मला बोचते. मिलग्रमच्या आज्ञापालनाच्या प्रयोगात संशोधकाने सांगितले म्हणून ४० पैकी २६ जणांनी दुसऱ्या माणसाला शेवटपर्यंत विजेचे धक्के दिले, हे सगळ्यांना पाठ असते. (धक्के खोटे होते, देणाऱ्याला ते माहीत नव्हते.) पण धक्के देताना सोबत बसवलेल्या दोघांनी (ती मिलग्रमचीच माणसे होती) नकार दिला, तेव्हा ४० पैकी चारच जण शेवटपर्यंत गेले. हा आकडा परीक्षेत कुणी विचारत नाही. सोलोमन ॲशच्या प्रयोगात रेघांची लांबी ओळखताना बाकीचे सगळे मुद्दाम चूक उत्तर देतात. तिथेही एक जरी सोबती खरे बोलला तरी त्यांच्यापुढे वाकणाऱ्यांचे प्रमाण एकदम खाली येते.

हे सगळे परदेशी शास्त्र आहे. आपल्याकडे लागू पडते का?

काही पडते, काही नाही, आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही. कोलकाता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग १९१६ मध्ये सुरू झाला, म्हणजे आपल्याकडे हा विषय शंभर वर्षांहून जुना आहे. तरी पुष्कळ काळ आपण त्यांचीच मोजमापे आणून आपल्या लोकांना लावली. दुर्गानंद सिन्हा यांनी याविरुद्ध आयुष्यभर लिहिले, आपल्या खेड्यांकडे आणि गरिबीकडे मानसशास्त्राने बघावे म्हणून.

माझ्या लेखी सर्वांत मोठी उणीव जातीची आहे. गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्ये सांगितले, की पूर्वग्रह कमी व्हायला नुसता सहवास पुरत नाही. समान दर्जा, समान ध्येय, एकत्र काम आणि अधिकाराचा पाठिंबा लागतो. हे शिकवायला मी मुलांना काळाराम मंदिराच्या दारात नेते. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसांनी तो वर्षानुवर्षे चालवला. दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. एकाच नदीवर, एकाच गावात पिढ्यान्‌पिढ्या 'सहवास' होताच. समान दर्जा नव्हता. ऑलपोर्टच्या चार अटी त्या पायऱ्यांवर उभे राहून वाचल्या की मुले बराच वेळ काही बोलत नाहीत.

प्रश्नावली मराठीत करताना काय अडचण येते?

भाषांतर ही खरी अडचण नसते. सुरुवातीला मी 'एक ते पाचपैकी किती' असे विचारायचे. रामकुंडावर परभणीकडच्या एका आजींना विचारले, 'इथं आपल्या माणसांत असल्यासारखं वाटतं का? पाचपैकी किती?' त्या म्हणाल्या, 'पाचपैकी कसं सांगू माय? बारा आणे वाटतं. चार आणे घराकडं ध्यान हाय, म्हैस यायला झालीया.'

मी वहीत तसेच लिहून घेतले आणि रात्री बघत बसले. काहीच नाही, चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे. ही पाच पायऱ्यांची पट्टी आहे, आणि आजींना ती कुणी शिकवावी लागली नव्हती. तेव्हापासून वयस्कर माणसांशी बोलताना मी आण्यांत विचारते. उरलेले चार आणे कुठे गेले हेही लोक आपण होऊन सांगतात, आणि पुष्कळदा तीच खरी माहिती असते. तरुण मुलांना आणे कळत नाहीत, त्यांना टक्क्यांत विचारावे लागते. दोन्ही पट्ट्या एकमेकींशी कितपत जुळतात ते तपासण्याचे काम सध्या चालू आहे.

मुलीला हा विषय घ्यायचा आहे. पुढे नोकरी मिळेल का?

खरे सांगते. प्राध्यापक व्हायचे तर एमएनंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. राज्याची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. ती काढूनही कायम नोकरी लगेच मिळत नाही. मी स्वतः अनेक वर्षे सीएचबीवर, म्हणजे तासिकेप्रमाणे पैसे मिळणाऱ्या कामावर, काढली. एका संस्थेत तासिकांचे पैसे आठ-आठ महिने थकायचे आणि दर जूनला पुन्हा मुलाखत द्यावी लागायची, जणू आधी कधी शिकवलेच नव्हते. त्या काळात नवऱ्याचा पगार होता म्हणून टिकले. जिच्या घरी दुसरा पगार नाही तिने काय करायचे, याचे उत्तर माझ्याकडे नाही आणि व्यवस्थेने ते दिले पाहिजे.

पण प्राध्यापकी ही एकच वाट नाही. सार्वजनिक आरोग्य, ग्राहक-संशोधन, स्वयंसेवी संस्थांचे मूल्यमापन, आपत्ती व्यवस्थापन, ॲप बनवणाऱ्या कंपन्यांतले वापरकर्त्यांचे संशोधन इथे ही माणसे लागतात. मुलीला संख्याशास्त्र जमायला हवे आणि अनोळखी माणसाशी पाच मिनिटांत बोलते होता यायला हवे. पहिले शिकवता येते. दुसऱ्यासाठी तिला सुट्टीत एक आठवडा सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, बसवा.

येत्या सिंहस्थात तुमच्यासोबत काम करता येईल का?

येईल. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुख्य पर्वण्या. मोजणीचे काम यंत्रे करतीलच. मागच्या, २०१५ च्या सिंहस्थात आपल्याच शहरातल्या एका शाळकरी मुलाने पावलांवरून गर्दी मोजणारी चटई बनवली होती. आम्ही मोजत नाही, विचारतो. बॅरिकेडपाशी थांबवले तेव्हा कारण सांगितले का, कोणत्या भाषेत सांगितले, कळले का, हरवलेल्या माणसाची घोषणा ऐकू आली का, शेजारी कोण होते आणि त्याने काही मदत केली का. पर्वणीच्या दिवशी घाटावर आम्ही काम करत नाही. तिथे आपण म्हणजे आणखी वीस माणसांची गर्दी. आदल्या-दुसऱ्या दिवशी तपोवनात, रेल्वे स्थानकावर, बसच्या तळांवर बसतो.

मानसशास्त्राचेच विद्यार्थी हवेत असे नाही. हिंदी, गुजराती, तेलुगू, भोजपुरी यांपैकी एखादी भाषा येत असेल तर आधी तुम्हाला घेऊ. प्रत्येकाला दोन दिवसांचे प्रशिक्षण असते. परवानगी घेतल्याशिवाय प्रश्न नाही, नाव लिहायचे नाही, फोटो काढायचा नाही, 'नको' म्हटले की नमस्कार करून पुढे जायचे. येताना टोपी, पाण्याची बाटली आणि पायाला घट्ट बसणारे बूट. चप्पल चालणार नाही.